प्रथिनांच्या रचनेवर पोस्टडॉक करायचंय? जाहिरात वाचण्यापासून व्हिसापर्यंत

पीएचडीच्या शेवटच्या वर्षातली मंडळी भेटली की हमखास विचारतात, "कुठे अर्ज करू?" समोरच्या लॅबला माणूस कशाला हवाय, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. प्रथिनांच्या त्रिमितीय रचनेवर काम करणाऱ्या लॅबमध्ये पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनाची, जागा निघते तेव्हा बहुतेक वेळा तिथे काहीतरी अडलेलं असतं. प्रथिन शुद्ध होत नाही. क्रिस्टल येतात, पण एक्स-रे टाकला की काही दिसत नाही. किंवा क्रायो-ईएमचा, म्हणजे प्रथिन गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेल्या चित्रांचा, डेटा टेराबाइटांनी साठलाय आणि तो प्रोसेस करणारा मुलगा दुसरीकडे निघून गेलाय. काय अडलंय हे ओळखायचं आणि ते आपल्याला सोडवता येईल हे दाखवायचं, एवढ्यावर अर्ज तरतो. पुढचं सगळं त्याच अंगाने लिहिलंय, पहिल्यांदाच पोस्टडॉक शोधणाऱ्यांसाठी.

आधी क्षेत्राचा अंदाज घ्या

जॉन केंड्रू यांनी १९५८ मध्ये मायोग्लोबिनची रचना दाखवली. मॅक्स पेरुट्झ हिमोग्लोबिनवर झगडत होते. १९६२ चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांना मिळून मिळालं. त्यानंतर कितीतरी दशकं "अमुक प्रथिनाची रचना उलगडली" एवढंच एका पेपरला पुरायचं. १९७१ मध्ये प्रोटीन डेटा बँक, म्हणजे पीडीबी, सुरू झाली तेव्हा तिच्यात सात रचना होत्या. २०२३ मध्ये दोन लाखांचा टप्पा ओलांडला गेला. मधेच २०२१ मध्ये अल्फाफोल्डची, म्हणजे प्रथिनाच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या एआय प्रोग्रामची, दुसरी आवृत्ती आली, पुढच्याच वर्षी वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या अंदाजी रचना सगळ्यांना खुल्या झाल्या आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांच्याकडे गेलं.

याचा तुमच्या अर्जाशी थेट संबंध आहे. "मला क्ष या प्रथिनाची रचना काढायची आहे" असं आज लिहिलंत तर वाचणारा मनात म्हणेल, ती ढोबळमानाने मला आत्ताच संगणकावर दिसतेय. म्हणून काम संपलं असं नाही. औषधाचा रेणू नेमका कुठे आणि कसा बसतो, पेशीच्या पटलातलं प्रथिन उघडताना आणि मिटताना मधल्या कोणत्या अवस्थांतून जातं, पाच-सहा प्रथिनांचं कडबोळं पेशीच्या आत प्रत्यक्षात कसं दिसतं, हे अजून प्रयोगानेच ठरवावं लागतं. लॅबा आता अशा प्रश्नांवर माणसं घेतात. अल्फाफोल्डने प्रयोगही सोपे केलेत. क्रिस्टलच्या डेटातला फेज (एक्स-रे मोजताना हरवणारी, पण रचना काढायला लागणारी माहिती) काढायचा जुना डोकेदुखीचा भाग आता बरेचदा अंदाजी मॉडेल वापरून सुटतो. मुलाखतीत याबद्दल हटकून विचारतात, तेव्हा तुमच्या स्वतःच्या प्रथिनाचं अंदाजी मॉडेल उघडून ठेवा. त्यातला कुठला भाग भरवशाचा, कुठला नाही आणि का, हे सांगता आलं पाहिजे.

पायरी पहिली: आपल्या हातात काय आहे

कागद घ्या आणि कुणाच्या मदतीशिवाय तुम्ही काय काय करू शकता ते लिहा. कन्स्ट्रक्ट डिझाइन (प्रथिनाचा कुठला तुकडा बनवायचा ते ठरवणं), क्लोनिंग, ई. कोलाय जिवाणूंत एक्स्प्रेशन (प्रथिन बनवून घेणं), कीटकांच्या किंवा माणसाच्या पेशींत एक्स्प्रेशन, निकेल कॉलम आणि जेल फिल्ट्रेशनने शुद्धीकरण, पटलातलं प्रथिन डिटर्जंटमध्ये काढणं, क्रिस्टलचे ट्रे लावणं, क्रायो-ईएमच्या ग्रिड (प्रथिन ठेवायच्या बारीक जाळ्या) गोठवणं, डेटा घेणं, प्रोसेसिंग, डेटातून निघालेल्या घनतेच्या नकाशात मॉडेल बांधणं, तपासणं. या सगळ्यात पारंगत असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. तसा कुणी मागतही नाही. दोन गोष्टी पक्क्या आणि बाकीच्यांची ओळख, एवढं बास.

माझं मत विचाराल तर सॉफ्टवेअर चालवणारे पुष्कळ मिळतात. अवघड प्रथिन मिलिग्रॅममध्ये, एकसंध आणि शुद्ध काढून देणारा माणूस दुर्मीळ. पीएचडीची चार वर्षं एकाच हट्टी प्रथिनामागे गेली आणि शेवटी एकच रचना हाती लागली म्हणून तोंड पाडून बसू नका. ते प्रथिन सरळ कसं केलंत, कुठला टोकाचा तुकडा कापला, कुठलं बफर बदललं, कशामुळे ते गठ्ठा होऊन बसायचं थांबलं, हीच तुमची खरी कमाई आहे.

उलटी अडचण असेल, म्हणजे विद्यापीठात क्रायो-ईएम सोडाच पण बरा जीपीयूसुद्धा नाही, तरी वाट आहे. क्रायो-ईएमचा कच्चा डेटा एम्पायर या खुल्या संग्रहात कुणालाही उतरवून घेता येतो. रेलायन सॉफ्टवेअरच्या प्रशिक्षणासाठी बीटा-गॅलॅक्टोसिडेजचा डेटा संच दिलेला आहे, तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः चालवून बघा. जवळच्या एखाद्या संस्थेच्या क्लस्टरवर थोडा वेळ मागा, नाही म्हणाले तर दुसरीकडे विचारा. कूट, फीनिक्स, कायमेराएक्स ही सॉफ्टवेअर शैक्षणिक कामासाठी फुकट आहेत. पीडीबीतली एखादी जुनी, खराब गुणवत्तेची नोंद घ्या, तिचा व्हॅलिडेशन रिपोर्ट वाचा आणि काय सुधारता येईल ते करून बघा. अर्जात "स्वतः शिकलो" असं लिहून भागत नाही. काय केलं आणि त्यातून काय निघालं, ते दोन ओळींत लिहा.

देशातही सोयी आहेत. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (प्रखर एक्स-रे देणारं यंत्र) प्रथिनांच्या क्रिस्टलसाठी पीएक्स-बीएल२१ ही बीमलाइन, म्हणजे मोजणीची जागा, आहे, बंगळुरूत एनसीबीएसच्या आवारात राष्ट्रीय क्रायो-ईएम सुविधा आहे, मुंबईत टीआयएफआरमध्ये एनएमआरची (चुंबकीय क्षेत्रात रचना अभ्यासायचं तंत्र) राष्ट्रीय सुविधा आहे. गाईडच्या मागे लागून एकदा तरी अशा ठिकाणी स्वतः डेटा घ्यायला जा. सॅम्पल दुसऱ्याच्या हाती पाठवणं आणि रात्री तीन वाजता बीमलाइनवर बसून कुठला क्रिस्टल आधी लावायचा ते ठरवणं यात फार फरक आहे. मुलाखत घेणाऱ्याला तो दोन प्रश्नांत कळतो.

पायरी दुसरी: लॅब निवडणं

थिसिस सबमिट करायच्या नऊ महिने ते वर्षभर आधी शोध सुरू करा. याला उशीर केलात की जी मिळेल ती जागा धरावी लागते.

जाहिराती युरॅक्सेस, जॉब्स डॉट एसी डॉट यूके, नेचर करिअर्स, भारतासाठी इंडियाबायोसायन्स आणि संस्थांच्या आपापल्या संकेतस्थळांवर असतात. क्रिस्टलवाल्यांची जुनी सीसीपी-फोर बुलेटिन बोर्ड नावाची ईमेल यादी आहे. तिच्यावर जाहिराती येतात आणि नावाजलेले लोक नवख्यांच्या तांत्रिक प्रश्नांना उत्तरंही देतात. नोकरी नको असली तरी ती वाचत राहा. पण चांगल्या जागा कितीतरी वेळा जाहिरातीशिवायच भरल्या जातात. म्हणून आवडलेल्या दहा-बारा पेपरांचे शेवटचे लेखक कोण, हे आधी पाहा.

मग प्रत्येक लॅबबद्दल तीन गोष्टी शोधा. आधीचे पोस्टडॉक आता कुठे आहेत? लॅबच्या पानावर जुन्या सदस्यांची यादी असते. ती नसेल, तर तीही एक माहितीच. सूक्ष्मदर्शक किंवा सिंक्रोट्रॉनचा वेळ लॅबला किती सहज मिळतो? केंब्रिजची एमआरसी एलएमबी आणि हायडलबर्ग-हॅम्बुर्ग-ग्रनोबलमधलं ईएमबीएल या प्रयोगशाळा किंवा ऑक्सफर्डजवळचा डायमंड सिंक्रोट्रॉन यांच्या आसपास असाल तर ग्रिड गोठवल्यापासून डेटा मिळेपर्यंत कमी दिवस लागतात. एरवी रांगेत महिने जाऊ शकतात. आणि तिसरी गोष्ट, लॅब नेमका कोणता प्रश्न सोडवतेय? पेपरागणिक प्रथिन बदलत असेल तर ती तंत्रावर चालणारी लॅब आहे, एकाच जैविक प्रक्रियेला धरून असेल तर प्रश्नावर चालणारी. दोन्ही चांगल्या असू शकतात. पुढे स्वतःची लॅब काढायची असेल, तर दुसरीतून बाहेर पडताना हातात एखादा प्रश्न असतो.

देशातच राहायचं असेल तर पुण्यात आयसर आणि एनसीसीएस, मुंबईत टीआयएफआर, खारघरला अ‍ॅक्ट्रेक, शिवाय बंगळुरूची आयआयएससी, हैदराबादची सीसीएमबी, फरीदाबादचं आरसीबी, चंडीगडची इम्टेक. प्रकल्पातल्या रिसर्च असोसिएटसाठी केंद्र सरकारचे दर १ जानेवारी २०२३ पासून महिना ५८,००० पासून सुरू होतात, वरच्या दोन श्रेणींना ६१,००० आणि ६७,०००, वर घरभाडे भत्ता. पैसे वेळेवर येतात का, हे मात्र त्या लॅबमधल्याच कुणाला तरी बाजूला घेऊन विचारा.

पायरी तिसरी: जाहिरातीच्या ओळींमधलं वाचणं

इथे घाई करू नका.

"कीटक किंवा सस्तन पेशींतल्या एक्स्प्रेशनचा अनुभव आवश्यक" असं असेल तर तिथे प्रथिनच मिळत नाहीये. तुमच्या सीव्हीच्या पहिल्या पानावर प्रथिनाचीच गोष्ट हवी. "इमेज प्रोसेसिंग, पायथन, जीपीयू क्लस्टर" अशी भाषा असेल तर डेटा आहे, माणूस नाही. "टोमोग्राफी" (पेशीचं त्रिमितीय चित्रण) आणि "पेशींच्या आत" हे शब्द दिसले तर लॅब शुद्ध प्रथिनाकडून पेशीकडे वळू पाहतेय, आणि तिथेही बहुधा सगळे नवशिकेच असतील. हे वाईट नाही, पण शिकवणारं कुणी नसेल याची तयारी ठेवा. "अत्यंत स्वयंप्रेरित, स्वतंत्रपणे काम करणारा उमेदवार" हे सगळेच लिहितात, तरी जाहिरातीत ते दोनदा आलं असेल तर पीआय, म्हणजे लॅबचे प्रमुख, फारसे भेटत नसावेत अशी शंका मी घेतो. "सुरुवातीला एक वर्ष, पुढे वाढ शक्य" म्हणजे अनुदान कधी संपतंय हे विचारायचं. "तात्काळ रुजू" म्हणजे पैसे खर्च व्हायला सुरुवात झालीय. व्हिसाला वेळ लागणार असेल तर पहिल्याच पत्रात तसं सांगून टाका.

पायरी चौथी: पत्र, सीव्ही, रेफरन्स

"रिस्पेक्टेड सर" अशी सुरुवात करून, खाली सगळं आयुष्य ओतून, तेच पत्र शंभर जणांना पाठवणं ही आपल्याकडची जुनी रीत. त्यातले पंचवीस-तीस "सर" प्रत्यक्षात बाई असतात. नाव लिहा, पुढे डॉक्टर किंवा प्रोफेसर लावा आणि चार परिच्छेदांत आटपा: तुम्ही कोण, त्यांच्या कामातली कोणती जागा अडलेली दिसते, तुमच्याकडे त्यावर काय आहे, कधी येऊ शकता आणि फेलोशिपसाठी अर्ज करायची तयारी आहे का.

दुसरा परिच्छेद सगळ्यात महत्त्वाचा. तो साधारण असा असावा: "तुमच्या ताज्या पेपरात ट्रान्सपोर्टरची आतल्या बाजूने उघडलेली अवस्था दिसते, बाहेरून उघडलेली अजून मिळालेली नाही. माझ्या पीएचडीत असंच सतत हलणारं प्रथिन नॅनोबॉडीने एका अवस्थेत धरून ठेवलं, तेव्हा कुठे नकाशा स्वच्छ आला. तुमच्याकडे हाच मार्ग आधी वापरून पाहिलाय का?" (ट्रान्सपोर्टर म्हणजे पटलातून रेणूंची ने-आण करणारं प्रथिन, नॅनोबॉडी म्हणजे प्रथिनाला चिकटणारं छोटं प्रतिपिंड.) एवढं वाचून पीआय उत्तर देतात, कारण प्रश्न त्यांच्या कामाचा आहे. स्वतःचं कौतुक त्यात एका शब्दाचंही नाही.

सीव्हीत पेपरांसोबत पीडीबी आणि ईएमडीबीचे (क्रायो-ईएमच्या नकाशांचा संग्रह) नोंद क्रमांक द्या. ते उघडून रचना बघणारे लोक असतात, म्हणून मॉडेल नीट असू द्या. पेपर अजून छापून आला नसेल तर बायोआर्काइव्हवर प्रीप्रिंट टाका. "मॅन्युस्क्रिप्ट तयार होतंय" यावर कुणी विश्वास ठेवत नाही. संयुक्त पेपरात तुमचा वाटा काय होता हे एका ओळीत सांगा. दहावीचे टक्के, जन्मतारीख, वडिलांचं नाव काढून टाका.

रेफरन्ससाठी गाईड हवेतच. दुसरं नाव तुम्हाला प्रत्यक्ष काम करताना पाहिलेल्या माणसाचं असू द्या, निव्वळ पदाने मोठ्या माणसाचं नको. गाईडशी संबंध ताणलेले असतील तर समितीतल्या सदस्याला आधीच विश्वासात घ्या आणि पीआयनी विचारलं तर दोन वाक्यांत, शांतपणे कारण सांगा.

पायरी पाचवी: स्वतःची फेलोशिप

पीआयच्या अनुदानातून पगार घेतलात तर काम त्यांचं. फेलोशिप आणलीत तर विषय ठरवताना तुमच्या शब्दाला वजन येतं. लिहायला दोन-तीन महिने जातात, म्हणून यजमान पीआय आधी पक्के करा.

युरोपीय संघाच्या मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी फेलोशिपचा अर्ज वर्षातून एकदा, साधारण सप्टेंबरात भरायचा असतो. पीएचडी झालेली हवी आणि आधीच्या ३६ महिन्यांत त्या यजमान देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. नाकारला गेलेला पण ८५ टक्के किंवा जास्त गुण मिळालेला अर्ज "सील ऑफ एक्सलन्स" घेऊन परत येतो. काही देशांत आणि संस्थांत त्यावर वेगळे पैसे मिळतात. एम्बो या युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र संघटनेच्या फेलोशिपला पीएचडी ताजी हवी आणि पहिल्या लेखकाचा पेपर हवा. भारत २०१६ पासून त्या संघटनेचा सहयोगी सदस्य आहे. जर्मनीसाठी हम्बोल्ट फेलोशिप आहे. ह्युमन फ्रंटियरची फेलोशिप विषय बदलणाऱ्यांना झुकतं माप देते. एनएमआरवाला माणूस पेशींच्या इमेजिंगकडे निघाला असेल तर ही बघा, एका क्रिस्टल लॅबमधून दुसऱ्या क्रिस्टल लॅबमध्ये जाणार असाल तर नको. भारतात राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे, पूर्वी ती एसईआरबी हे केंद्र सरकारचं संशोधन मंडळ द्यायचं, आता त्याच्या जागी आलेलं एएनआरएफ. दोन वर्षांची, वयाची अट ३५, महिला आणि राखीव गटांना सवलत.

पायरी सहावी: मुलाखत

आधी व्हिडिओवर अर्धा-पाऊण तासाचं भाषण, नंतर लॅबमधल्या एकेकाशी गप्पा. भाषणात सगळी पीएचडी कोंबू नका. एकच प्रश्न घ्या, एकच रचना दाखवा आणि त्या रचनेमुळे जीवशास्त्राबद्दल काय कळलं तिथे थांबा. रंगीबेरंगी रिबनची चित्रं गरागरा फिरवली की ऐकणाऱ्याला काही समजत नाही. महत्त्वाचे दोन अमिनो आम्ल जवळून दाखवा आणि त्याभोवतीचा नकाशाही दाखवा.

कारण पुढचा प्रश्न नकाशावरच येतो: "इथे लायगंड आहे हे कशावरून?" (लायगंड म्हणजे प्रथिनाला चिकटणारा रेणू.) रिझोल्यूशन (किती बारीक तपशील दिसतो) किती आणि ते ठरवलं कसं, त्या जागी पाणी किंवा बफरमधला एखादा रेणू बसला नसेल कशावरून, ते अमिनो आम्ल बदलल्यावर बंधन सुटलं का, अशा क्रमाने उत्तर द्या. क्रिस्टलवाल्यांना आर-फ्री (मॉडेल डेटाशी किती जुळतं याचं माप) विचारतात, क्रायो-ईएमवाल्यांना रिझोल्यूशन ठरवताना वापरतात तो ०.१४३ हा आकडा कुठून येतो ते. रामचंद्रन आलेखावर (प्रथिनाच्या साखळीची वळणं शक्य आहेत का ते दाखवणारा) चुकीच्या जागी पडलेली अमिनो आम्लं दिसली तर ती का तशी आहेत, हेही. जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मद्रासहून मांडलेला तो आलेख आजही प्रत्येक रचनेच्या तपासणीत असतो. आपल्या देशातून गेलेल्या उमेदवाराला तो समजावून सांगता आला नाही तर समोरचे जरा जास्तच भुवया उंचावतात.

न जमलेल्या प्रयोगांबद्दल विचारलं तर लपवू नका. या क्षेत्रात प्रत्येकाच्या फ्रीजमध्ये न जमलेली प्रथिनं पडलेली असतात. तुम्ही केव्हा थांबायचं ठरवलंत, हे त्यांना ऐकायचं असतं.

आता तुमची पाळी. पीआयना विचारा: या प्रकल्पावर अजून कुणी आहे का? पहिलं वर्ष प्रथिन मिळालंच नाही तर दुसरा बेत काय? जाताना मी यातला कोणता भाग बरोबर नेऊ शकेन? लॅबमधल्या मुलामुलींना वेगळं विचारा: सूक्ष्मदर्शकाचा शेवटचा वेळ कधी मिळाला होता, पेपरावरची नावं कशी ठरतात, शनिवारी-रविवारी पीआयचे मेल येतात का. सगळ्यांनी एकसारखीच गोड उत्तरं दिली तर आधीच्या एखाद्या पोस्टडॉकला शोधून फोन करा. मुलं लहान असतील तर पाळणाघराची प्रतीक्षायादी आत्ताच विचारा. युरोपातल्या कित्येक शहरांत ती व्हिसापेक्षा लांब असते.

पायरी सातवी: होकार आणि कागदपत्रं

तोंडी होकारावर राजीनामा देऊ नका. पत्रात कालावधी, पगार, तो नोकरीचा करार आहे की स्टायपेंड, हे लेखी हवं. जर्मनीत नोकरीचा करार बहुधा टीव्ही-एल ई-१३ या वेतनश्रेणीत असतो आणि त्यात आरोग्यविमा, पेन्शन येतं. स्टायपेंडवर ते बरेचदा स्वतःचं स्वतः बघावं लागतं.

ब्रिटनला जाणाऱ्या भारतीयांना या विषयात व्हिसाच्या आधी एटास नावाची मंजुरी काढावी लागू शकते. ती फुकट आहे, पण काही आठवडे खाते, म्हणून ऑफर हातात आली की यजमान संस्थेला लगेच विचारा. अमेरिकेत पोस्टडॉक बहुतेक जे-१ व्हिसावर जातात. संशोधकांसाठी त्याची कमाल मुदत पाच वर्षं आहे आणि तो कार्यक्रम संपवून बाहेर पडलात की त्याच प्रकारात परत यायला दोन वर्षं थांबावं लागतं. नंतर दोन वर्षं मायदेशी राहायची अट ज्या कौशल्य यादीमुळे लागायची, तिच्यातून भारताचं नाव डिसेंबर २०२४ मध्ये वगळलं गेलं. सरकारी पैशावर गेलात तर मात्र ती अट लागते, तेव्हा आपल्या कागदावर काय छापलंय ते बघा.

पदवी प्रमाणपत्र हातात पडायला विद्यापीठाला किती महिने लागतात हे तुम्हालाच ठाऊक. व्हायवा झाला त्याच आठवड्यात प्रोव्हिजनल प्रमाणपत्रासाठी अर्ज टाका. अपोस्टिल (परदेशात चालण्यासाठी कागदपत्रावरचा शिक्का) लागणार असेल तर आधी राज्य शासनाकडून प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालय, हा क्रम आहे.

निघायच्या आधी जुन्या लॅबमध्ये दोन कामं उरतात. प्लाझ्मिड (प्रथिनाचं जनुक घातलेले डीएनएचे तुकडे) बरोबर न्यायचे असतील तर ते खिशात घालून विमानात बसायचं नसतं. दोन संस्थांमध्ये मटेरियल ट्रान्सफर करार होतो आणि त्याला सह्या मिळवायला वेळ लागतो. आणि पीडीबीत टाकायच्या राहिलेल्या रचना टाकून घ्या, कच्च्या डेटाची प्रत गाईडच्या सर्व्हरवर ठेवा, कुठली फाइल कशाची ते एका पानावर लिहा. सहा महिन्यांनी पेपरचे परीक्षक एक नवा नकाशा मागतील, तेव्हा तुम्ही नव्या लॅबमध्ये नव्या प्रथिनाशी झगडत असाल आणि जुन्या लॅबमधला ज्युनियर ते पान उघडून काम करेल.